रोखून धरलेला रिपोर्ट

शमशाद मुजावर यांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी माझं ओळखपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं, त्यावरचा फोटो माझ्या तोंडाशी ताडून पाहिला आणि ते परत दिलं नाही. टेबलावर त्या दिवशीचं आमचंच दैनिक पडलं होतं. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेला कार्यालयाचा नंबर त्यांनी शोधला, प्रयोगशाळेतल्या फोनवरून लावला आणि या नावाचा वार्ताहर तुमच्याकडे आहे का, असल्यास दिसायला कसा आहे, अशी चौकशी केली. नंबर ओळखपत्रावरही होता. तो का लावला नाही, असं मी विचारलं.

"कार्ड खोटं असलं तर त्यावरचा नंबरबी तुमच्याच माणसाचा असणार की," त्या म्हणाल्या. मग फोन ठेवून ओळखपत्र माझ्याकडे सरकवलं. "टक्कल हाय आन् बोलतोय कमी, असं म्हणत्यात ऑफिसवाले. बसा."

कोल्हापुरातल्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत त्या तीस वर्षांहून अधिक काळ रक्त तपासत होत्या. सगळे त्यांना आपा म्हणत. बुटक्या, जाड चष्म्याच्या, डोक्यावर पांढरी ओढणी घट्ट बांधलेली. कोल्हापुरातल्या अनेक बायकांप्रमाणे त्या 'मी बघतो', 'मी सांगतो' असंच बोलत.

मी तिथे तक्रारीवरून गेलो होतो. दोन दिवसांपूर्वी सर्जेराव खोत नावाचे गृहस्थ आमच्या कार्यालयात आले होते. शाहूवाडी तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचे सचिव. त्यांचे वडील आनंदा खोत, वय चौऱ्याहत्तर. गावात त्यांची भाताची गिरणी. वडिलांच्या गळ्यात आणि काखेत गाठी आल्या, तुकडा काढून तपासला तेव्हा लिम्फोमा निघाला. हाही रक्ताच्याच कर्करोगांपैकी एक. उपचार ठरायचे होते. तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या बाईनं वडिलांचा रिपोर्ट डॉक्टरांकडे जाऊ न देता रोखून धरला, त्यांची रोजची गोळी परस्पर बंद करायला लावली आणि चौथ्या दिवशी वडील कोसळले, असं लेखी तक्रारीत होतं. सर्जेराव तोंडी आणखी एक वाक्य बोलले होते, "ह्यात कायतरी गोम हाय, साहेब. उगंच कोण कुणाचा रिपोर्ट दाबत न्हाय."

मलाही तसंच वाटत होतं. रिपोर्ट रोखला जातो तेव्हा त्यामागे कुणाचा तरी फायदा असतो, हे वार्ताहराला कुणी शिकवावं लागत नाही. मी वही उघडून सरळ विचारलं, की आनंदा खोतांचा रिपोर्ट तुम्ही रोखला होता का.

"व्हय."

"का?"

"आकडा एकटा आलता. आकडा एकटा आला की मी दार उघडत न्हाय."

या उत्तराचा अर्थ कळायला मला पुढचे काही आठवडे लागले. त्या काळात मी प्रयोगशाळेत बऱ्याचदा जाऊन बसलो. सुरुवातीला त्यांच्यावर नजर ठेवायला. तेही त्यांनी ओळखलं होतं आणि माझी खुर्ची मुद्दाम नोंदवहीच्या कपाटासमोर ठेवली होती. "बघायचंच हाय तर नीट बघा," असं म्हणून.

आपांचा कुणावर विश्वास नव्हता. संशय ही त्यांच्या कामाची रीत होती आणि ती त्यांनी इतकी वर्षं पाळली होती की घरी आणि रस्त्यावरही तीच चालू राहायची. संध्याकाळी कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध पिणं हा कोल्हापूरकरांच्या अभिमानाचा विषय. आपांनी ते कधी प्यायलं नाही. "म्हशीला काय टोचलंय, कुणाला ठाऊक," एवढंच त्यांचं म्हणणं. भाचीसाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाचा पगार, शिक्षण वगैरे काही विचारलं नाही. तो काम करतो त्या दुकानासमोर तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन उभ्या राहिल्या आणि तो गिऱ्हाईक नसताना काय करतो ते पाहून आल्या. लग्न झालं. मुलगा चांगला निघाला. आपांचं मत मात्र "अजून बघायला लागंल" असंच राहिलं.

प्रयोगशाळेत ही सवय नियमासारखी होती. रक्त घेणाऱ्या मुलींनी पेशंटला "तुम्ही पाटील का?" असं विचारायचं नाही. म्हातारा माणूस दवाखान्यात घाबरलेला असतो, तो कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्याच तोंडून यायला पाहिजे, मुलाच्या किंवा सुनेच्या नाही. बाहेरगावच्या केंद्रांतून बर्फाच्या डब्यात नमुने येत. एका केंद्राच्या सगळ्या बाटल्यांवर रक्त घेतल्याची वेळ सकाळचे नऊ अशीच लिहिलेली असे. आपांनी डबा तसाच परत पाठवला आणि सोबत चिठ्ठी दिली, की तुमच्याकडं नऊ वाजता एवढे हात कुठून येतात ते कळवा. केंद्रवाला भांडायला आला. आपांनी त्याला खुर्ची दिली आणि पहिल्या बाटलीपासून एकेका पेशंटची खरी वेळ आठवून सांगायला लावली. तिसऱ्या बाटलीला तो उठून निघाला.

रक्तपेशी मोजणारं मोठं यंत्र त्यांच्या टेबलाच्या डावीकडं होतं. मिनिटभरात ते पंचवीस-तीस आकडे काढून देई. शंका आली की आपा त्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरत, रंग चढवत आणि सूक्ष्मदर्शकाखाली घेत. शंका बहुतेक वेळा येतच असे. डावा हात मोजणीच्या छोट्या यंत्रावर. त्याला प्रत्येक जातीच्या पेशीसाठी वेगळी कळ. पेशी दिसली की टक. खोलीत दिवसभर तो आवाज असायचा.

"मोठं यंत्र चुकतं का?" मी एकदा विचारलं.

"चुकत न्हाय. पण विचारलं तेवढंच सांगतंय. साहेबाच्या गाडीच्या ड्रायव्हरसारखं."

नमुना पुन्हा हवा असला की त्या रिपोर्टवर लाल शिक्का मारत आणि नोंदवहीत कारण लिहीत. खोतांच्या नावापुढे शिक्का होता, तारीख होती, त्यांची सही होती. कारणाच्या रकान्यात मात्र फक्त 'खात्री नाही' असं लिहिलं होतं. रिपोर्ट दाबणारा माणूस दाबल्याची नोंद स्वतःच्या सहीनिशी ठेवत नाही. तेव्हा माझा पहिला संशय ढिला झाला आणि दुसरा सुरू झाला. आपांना लिहिता येत होतं, सांगता येत होतं. मग त्यांनी डॉक्टरांना का सांगितलं नाही?

डॉक्टर म्हणजे डॉ. निंबाळकर. चाळिशीच्या आतले, रक्ताच्या आजारांचे तज्ज्ञ, बोलायला सौम्य. त्यांनी सत्तरीपुढच्या पेशंटसाठी एक पानी फॉर्म तयार केला होता. कर्मचारी त्याला 'सत्तरीचा कागद' म्हणत. तो कशासाठी, हे त्यांनी मला नीट समजावलं.

वय झालेल्या माणसाला रक्ताचा कर्करोग झाला की दोन वाटा असतात. पूर्ण मात्रेचे उपचार दिले तर आजार बरा होण्याची शक्यता असते, पण ते झेपले नाहीत तर पेशंट उपचारांनीच जातो. हलक्या मात्रेत त्रास कमी, पण बरं होण्याची आशाही कमी. कोणाला कुठली वाट, हे नुसत्या वयावरून ठरवणं अन्यायाचं. सत्तर वर्षांचा एक जण जिना चढतो, दुसऱ्याला कूस बदलता येत नाही. म्हणून कागदावर चालणं, वजन, इतर आजार, चालू औषधं असे रकाने होते. शेवटी एक आकडा, साध्या रक्ततपासणीतून निघणारा. पांढऱ्या पेशींत दोन मोठ्या जाती असतात. न्यूट्रोफिल, म्हणजे शरीरावर संकट आलं की पहिल्यांदा धावणाऱ्या. आणि लिम्फोसाइट, सावकाश पण पारखून लढणाऱ्या. पहिल्या दुसऱ्यांच्या किती पट आहेत, तो हा आकडा. तो फार चढलेला असेल तर म्हाताऱ्या पेशंटचं पुढं बरं चालत नाही, असं अनेक ठिकाणी दिसून आलं आहे. वेगळा खर्च नाही, वेगळी सुई नाही.

"हा पुरावा नाही, इशारा आहे," डॉक्टर म्हणाले. "बाकीचे रकाने बघूनच ठरवायचं."

पण ओपीडीत गर्दी असे. आकडा ठरावीक रेषेच्या वर असला की कनिष्ठ डॉक्टर त्याभोवती लाल पेनानं गोल करत. गोल असलेले कागद वेगळ्या फाइलीत जात आणि त्या फाइलीतले बहुतेक पेशंट हलक्या मात्रेवर जात. हे कुणी ठरवलं नव्हतं, होत गेलं होतं. आपांना ते त्यांच्या टेबलावरून दिसत होतं. या आकड्यामुळे कुणावर अन्याय होतो, असं त्या म्हणत नसत. त्यांचा प्रश्न वेगळा होता. हा चढला तो रोगानं चढला की आणखी कशानं, हे कोण विचारणार? सोबत कारण नसलेला आकडा, तोच त्यांच्या लेखी एकटा आकडा.

आनंदा खोतांचं रक्त यंत्रातून निघालं तेव्हा आकडा रेषेच्या बराच वर होता. आपांनी काच घेतली. न्यूट्रोफिल भरपूर. पण जंतुसंसर्गात त्या पेशींच्या पोटात जसे गडद ठिपके दिसतात तसे नव्हते, आणि कोवळ्या पेशीही नव्हत्या. मग त्या दुसऱ्याच एका जातीच्या मागे लागल्या. इओसिनोफिल म्हणून एक पेशी असते, नारिंगी दाण्यांची. शंभरात एक-दोनच असते, पण खेड्यातून आलेल्या माणसात जरा जास्त सापडते. पोटात जंत असतात, अंगाला खाज असते. आपांनी काच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग नवी काच केली आणि तीही पाहिली. एकही इओसिनोफिल नव्हता.

"शाहूवाडीच्या माणसाच्या रक्तात इओसिनोफिल न्हाय," त्या मला सांगत होत्या, "म्हंजे कुणीतरी हाकलून लावल्यात. आन् हाकलणारं एकच असतंय बहुतेक वेळा. स्टिरॉइड."

स्टिरॉइडची गोळी न्यूट्रोफिल वाढवते, लिम्फोसाइट कमी करते आणि इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे करते. म्हणजे गोळी घेणाऱ्या माणसाचा तो आकडा आजार असो नसो, चढणारच. पण नमुन्यासोबत आलेल्या सत्तरीच्या कागदावर चालू औषधांच्या रकान्यात 'नाही' लिहिलं होतं.

आपा खाली गेल्या. खोत बाप-लेक वाहनतळाच्या कडेला सावलीत बसून भाकरी खात होते. तिथलं संभाषण मला तिघांनीही सांगितलं. शब्द थोडे मागेपुढे होते, मजकूर एकच.

"मामा, वर तुम्हाला औषधाचं विचारलं का?" आपांनी विचारलं.

"इचारलं की त्या पोरीनं. औषध घेता का म्हनली," आनंदा खोत म्हणाले. ते मोठ्यानं बोलत. जन्म गिरणीच्या आवाजात गेलेला. "म्हटलं, कशापायी घिऊ? सुना चांगल्या हायत, पोरगं ऐकतंय. आमच्या घरात आजवर कुनी औषध घेतल्यालं न्हाय."

सर्जेराव हसले. आपा हसल्या नाहीत. त्या भागात भातावर फवारतात त्यालाही औषध म्हणतात, आणि 'औषध घेतलं' याचा अर्थ सरळ आहे, त्या माणसानं जीव द्यायला विष प्यायलं. फॉर्म भरणारी मुलगी शहरातली. तिनं शुद्ध मराठीत नीट प्रश्न विचारला होता. म्हाताऱ्यानंही नीटच उत्तर दिलं होतं. फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचं होतं.

"ते न्हवं," आपा म्हणाल्या. "सकाळी च्या पिल्यावर तोंडात काय टाकता?"

"ती व्हय? ती ताकदीची गोळी. बारकी, पांढरी."

"कुणी दिली?"

"बाजारातल्या मेडिकलवाल्यानं. गुडघं धरलं हुतं, पोतं उचलंना. एक गोळी टाकली की दिवसभर पळतोय बघा."

"किती दिवस?"

"गेल्या श्रावणापासनं. मधी सोडलीवती, तर उठवंना. पुन्यांदा धरली."

त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली. गोळ्यांवर नाव नव्हतं. सर्जेरावांना हे माहीत होतं, पण ते औषध आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. ताकदीची गोळी म्हणजे ताकदीची गोळी. आपांनी त्यांना विचारलं, "तुम्ही डेअरीत फॅट काढता न्हवं? आकडा खाली आला तर म्हैस वाईट की दुधात पाणी, यंत्र सांगतं का?"

"यंत्र कसं सांगंल? ते माणसाचं तोंड बघून आम्हीच वळकायचं," सर्जेराव म्हणाले.

"तसंच हाय हे. ती गोळी बंद करा. आठ दिवसांनी पुन्हा रक्त द्यायला या. तवर हा रिपोर्ट मी वर जाऊ देत न्हाय."

इथपर्यंतचं सगळं बरोबर होतं. शेवटची तीन वाक्यं सोडून.

जो माणूस महिनोन्‌महिने स्टिरॉइड घेतो त्याचं शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं थांबवतं. गोळी एकदम बंद केली तर शरीराकडे काहीच उरत नाही. ती पायरी पायरीनं कमी करायची असते, तीही डॉक्टरांनी. मधे सोडली तर उठवेना, असं खोत स्वतःच म्हणाले होते. आपांनी ते ऐकलं, आणि त्यातून फक्त आपला संशय खरा ठरल्याचं त्यांना ऐकू आलं. हे वाक्य माझं नाही. त्यांनीच मला असं सांगितलं.

डॉक्टरांना का कळवलं नाही, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर त्यांनी कागदावर लिहिलं असतं. आन् लाल गोल तसाच ठेवला असता. मला सोच्छ आकडा पायजे हुता. कुणाला लाल गोल करता येऊ नये असा."

चौथ्या दिवशी दुपारी आनंदा खोत गिरणीच्या दारात पडले. उलट्या, हातपाय गार, शुद्ध अर्धवट. रुग्णालयात आणलं तेव्हा रक्तदाब लागत नव्हता. डॉ. निंबाळकर बैठकीसाठी सांगलीला गेले होते. कनिष्ठ डॉक्टरांनी कागद पाहिला. वय चौऱ्याहत्तर, लिम्फोमा, इतर औषधं नाहीत. आजार पसरला किंवा जंतुसंसर्ग रक्तात गेला, असा त्यांनी निष्कर्ष काढला. कागदावर होतं त्यावरून दुसरा निष्कर्ष निघतही नव्हता. सर्जेरावांना बाजूला घेऊन नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगण्यात आलं. गोळीबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनाही ते आठवलं नाही. ते बहिणीला फोन लावत होते.

नमुना खाली आला. आपांना बाटलीवरचं नाव दिसलं. दुसऱ्या यंत्रातून साखर कमी आली, सोडियम कमी आलं. त्यांनी काच केली. खोलीत काम करणारी कांबळे नावाची तरुण तंत्रज्ञ त्या वेळी शेजारी होती. तिनं सांगितलं, की आपांनी दोन-चार टक केले आणि हात थांबला. काचेवर नारिंगी दाण्यांच्या पेशी होत्या. एक, दोन, मग जिकडे सरकवावं तिकडे. इतका अत्यवस्थ माणूस, आणि त्याच्या रक्तात इओसिनोफिल. संसर्ग असता तर ते उरले नसते. अंगात स्टिरॉइडच उरलेलं नाही, याचीच ती खूण होती.

"आपा तशाच उठल्या," कांबळे म्हणाली. "काच तशीच सोडली. आजवर कधी सोडली न्हवती."

प्रयोगशाळेचा ॲप्रन घालून वॉर्डात जायचं नाही, हा आपांचाच नियम होता. त्या ॲप्रनसकट जिन्यानं दोन मजले चढल्या. वॉर्डात सर्जेराव होते, नर्स होत्या, दोन कनिष्ठ डॉक्टर होते. त्या सगळ्यांसमोर आपा म्हणाल्या, "ह्यांना ताकदीची गोळी चालू हुती. स्टिरॉइड. श्रावणापासनं. ती मी बंद केली, चार दिवस झाले. डॉक्टरांना सांगितलं न्हाय."

एका कनिष्ठ डॉक्टरनं विचारलं, "तुम्ही बंद केली?"

"व्हय, मीच. इंजेक्शन द्या आधी. मग विचारा."

स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि सलाइन सुरू झालं. दिवस मावळायच्या आत आनंदा खोत उठून बसले आणि चहा मागितला. चहा फिका होता म्हणून ते नर्सशी भांडले, तेव्हा सर्जेराव रडले. त्यानंतर दोन दिवसांनी ते आमच्या कार्यालयात आले.

चौकशी झाली. आपांनी दिलेला खुलासा चार ओळींचा होता. मी तो पाहिला. 'पेशंटची गोळी बंद करण्यास मी सांगितले. तो माझा अधिकार नव्हता. डॉक्टरांना कळवले नाही. कळवायला हवे होते.' काचेचा, इओसिनोफिलचा, आधी आलेल्या संशयाचा त्यात उल्लेख नव्हता. आपली बाजू का मांडली नाही, असं मी विचारलं. "बाजू मांडली की वाचणारा त्यातली सोयीची घेतोय," त्या म्हणाल्या. चौकशी समितीनं त्यांना प्रयोगशाळेतून काढलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. ते पूर्ण होईपर्यंत त्यांना बाह्यरुग्ण विभागात खिडकीवर बसवण्यात आलं.

डॉ. निंबाळकरांना मी विचारलं, की आपांनी पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगितलं असतं तर काय झालं असतं.

"गोळी हळूहळू कमी केली असती. ते कोसळले नसते."

"आणि लाल गोल?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "खरं सांगू? बहुतेक तसाच राहिला असता. आजार वाढत होता, थांबायला वेळ नव्हता. आकडा समोर होता." मग म्हणाले, "हे छापू नका असं मी म्हणणार नाही."

त्यांनी गोळी पायरी पायरीनं कमी केली आणि मग पुन्हा रक्त तपासलं. आकडा उतरला, पण रेषेच्या खाली गेला नाही. रेषेवरच थांबला. म्हणजे थोडा गोळीनं चढला होता, थोडा आजारानं. किती कशानं, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि दोन्ही वाटा आनंदा खोतांनाच समजावून सांगितल्या. पूर्ण मात्रेत काय होऊ शकतं, हलक्या मात्रेत काय. खोतांनी सगळं ऐकून घेतलं.

"गिरनी निम्म्या पट्ट्यावर चालत न्हाय, डाक्टर. पुरतं द्या."

पूर्ण मात्रा दिली. दोनदा ताप आला, एकदा संसर्ग होऊ नये म्हणून त्यांना आठवडाभर काचेच्या खोलीत ठेवावं लागलं. शेवटच्या फेरीनंतर तपासणी झाली तेव्हा गाठी नव्हत्या. सर्जेरावांनी तक्रार मागे घेतली नाही. "बरं झालं ते डॉक्टरामुळं. बाईमुळं मराय लागलावता," असं त्यांचं म्हणणं होतं आणि त्यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं. आनंदा खोत मात्र तपासणीला आले की खिडकीपाशी जाऊन आपांशी दोन शब्द बोलत. मुलगा तेवढा वेळ लांब उभा राहत असे.

मी या प्रकरणावर मोठी बातमी लिहिली होती. छापली गेली ती छोटी. वयस्क पेशंटना चालू गोळ्यांबद्दल त्यांच्या भाषेत विचारलं जात नाही, एवढाच मुद्दा, कुणाचंच नाव नाही. तो निर्णय संपादकांचा होता आणि मी तो मान्य केला. सर्जेराव फोन करून म्हणाले, "बाईला वाचवलासा." त्याच दिवशी आपांनी बोलावून घेतलं. वर्तमानपत्र त्यांच्या पुढ्यात होतं.

"माझं नाव का न्हाय?"

"गरज नव्हती."

"दवाखान्याचा फोन आलता?"

"नाही."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी आणखी एक गोष्ट करायचं ठरवलं होतं, तेही त्यांनी त्याच भेटीत मोडून काढलं. आनंदा खोत बरे झाल्यावर मला सविस्तर लेख लिहायचा होता. यंत्राला दिसलं नाही ते बाईंनी पाहिलं, अशा धर्तीचा. मी तसं बोलून दाखवलं.

"असलं लिव्हू नका," आपा म्हणाल्या. "तो जगला म्हणून मी बरोबर ठरत न्हाय. मेला असता तर तुम्ही काय लिव्हलं असतं, ते आधी लिव्हा. मग दोन्ही शेजारी ठेवून बघा."

मी घरी जाऊन तसं लिहून पाहिलं. दोन्ही लेखांतल्या घटना शेवटच्या परिच्छेदापर्यंत त्याच होत्या. मग कुठलाच दिला नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात मी दुसऱ्या कामासाठी रुग्णालयात गेलो होतो. खिडकीवर आपा सत्तरीचा कागद भरत होत्या. आता त्यावर औषधांचा रकाना नव्हता. त्या जागी 'दिवसभरात तोंडात काय काय टाकता' असं छापलं होतं. ते शब्द डॉ. निंबाळकरांनी घातले होते. समोर पन्हाळ्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, सोबत नातसून. बाईंनी पदराच्या गाठीतून एक पुडी काढून खिडकीच्या फळीवर ठेवली. कंबरेसाठी, म्हणाल्या. आपांनी पुडी उलगडून गोळी उजेडात धरली. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ तेवढी दिसत होती. त्यांनी पुडी होती तशी बांधून बाईंच्या हातात परत दिली, कागदावर लिहिलं, उठल्या, डॉक्टरांच्या खोलीचं दार वाजवलं आणि आत गेल्या. बाहेर आल्यावर त्या जागेवर बसल्या नाहीत. खिडकीच्या पलीकडे जाऊन बाईंच्या शेजारी वाकल्या.

"आजी, ही गोळी उद्याबी घ्यायची. परवाबी. डॉक्टर सांगतील तवाच कमी करायची. मी सांगितलं तरी न्हाय."

आजी म्हणाल्या, "बरं."

"बरं न्हवं. काय करायचं, सांगा मला."

"उद्या घ्यायची," आजी म्हणाल्या.

"आन् परवा?"

"परवाबी."

आपा नातसुनेकडे वळल्या आणि तिलाही तेच म्हणायला लावलं.